पुलापलीकडचं जेवण

आलापल्ली

प्रिय सलमान,

हा 'प्रिय' अन्नपूर्णाने घातला आहे. मी नुसतं "ऐक रे" म्हणून सुरुवात केली होती. ती म्हणाली, "आजी, पत्र असं सुरू करत नाहीत." करत नसतील. अन्नपूर्णा म्हणजे आलापल्लीत जिच्या घरी आम्ही दोघी, मी आणि तुझी रुखसार, उतरलो आहोत ती बाई. दहावी शिकलेली आहे. खानावळीतली शेवटची ताटं घासून झाली की पंख्याखाली बसते, आणि सध्या माझ्या तोंडून सांडतं ते वेचून कागदावर ठेवते आहे. मी 'तुले' म्हणते, ती 'तुला' लिहिते. लिहू दे. फक्त जिथे मला राग येईल तिथे माझा शब्द बदलायचा नाही, एवढं तिच्याकडून कबूल करून घेतलं आहे. तेव्हा मधेच कुठे भाषा बिघडलेली दिसली, तर अम्मी चिडली आहे असं समज आणि अंजुमला तेवढं जरा मोठ्याने वाचायला सांग.

फोन का केला नाही, म्हणशील. केला होता की. चामोर्शीहून रुखसारने लावून दिला, तर तू "अम्मी, आवाज कटून राह्यला" म्हणून ठेवून दिलास. आवाज चांगला येत होता. तुझ्यामागे अंजुमच्या कुकरची शिटी झाली तीसुद्धा मला ऐकू आली. तुझ्या घरची डाळ ऐकू येते आणि तुला अम्मी ऐकू येत नाही, असा हा फोन. म्हणून कागद. कागद ठेवून देता येतो, पण तो पुन्हा उचलावा लागतो.

आता आपली शर्त. तुझ्याच शब्दांत लिहून घेते, म्हणजे कोणाला फिरायला जागा नको. रुखसार वनरक्षकाच्या भरतीत निवडली गेली तेव्हा अख्ख्या मोहल्ल्यात मिठाई कोणी वाटली? तू. आणि नेमणूक आलापल्लीकडे आहे हे कळल्यावर मिठाईचा डबा अर्ध्यात झाकून कपाटावर कोणी ठेवला? तोही तूच. पोरगी धावण्यात पहिली आली म्हणून काय जंगलात धावायला पाठवू, म्हणालास. राहील कुठे, खाईल काय? "तिथी काय भेटते खायले, अम्मी? भाजीसुद्धा नागपूरच्या ट्रकातून येते. शिळी आन् दुप्पट भावाची." मी म्हणाले, अर्धी उमर मी त्या बाजारांतून जेवले आहे. तू म्हणालास, ते दिवस गेले. मी म्हणाले, दिवस गेले असतील, माती कुठे गेली? मग तू गिऱ्हाईकाला ऐकवावं तसं ऐकवलंस, "ठीक आहे. जा तुम्ही दोघी. ब्रह्मपुरी सोडल्यापासून आलापल्लीपर्यंत तिकडंच पिकलेलं, तिकडच्याच बाजारातलं खाऊन दाखवा. एक वेळ जरी उपाशी राह्यल्या तर रुखसार रुजू होनार नाई. मंजूर?" मी मंजूर म्हणाले. तुला वाटलं, म्हातारी आरमोरीहूनच गुडघे धरून परत येते. तुझ्या दुकानात 'एकच भाव' अशी पाटी आहे ना, त्यामुळे समोरचा हसून मंजूर म्हणाला की घाबरायचं असतं, हे तू विसरलास.

वैनगंगेच्या पुलावर बस आली तेव्हा रुखसारने माझा हात धरला. का धरला ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मी खाली वाळूकडे पाहत बसले. ढिवरांच्या डांगरवाड्या अगदी तशाच आहेत. वाळूत टरबुजांच्या वेली पसरलेल्या, कुडाची एकेक खोपी, दोरीवर वाळणारं जाळं. पूल संपला न संपला तोच मी कंडक्टरला म्हणाले, थांबव बाबा. तो म्हणाला, "आजी, इथी स्टॉप नाई." मी म्हणाले, "मले उलटी होऊन राह्यली." एवढ्या वर्षांत एसटी सुधारली की नाही मला माहीत नाही, पण या शब्दाला ती अजून पहिल्यासारखीच थांबते.

पुलाच्या तोंडाशी रस्त्यावर टरबुजांचा मोठा ढीग होता, मोटारी थांबत होत्या, लोक टरबुजांना टिचक्या मारून डॉक्टरसारखी तोंडं करत होते. तुझी पोरगी सरळ तिकडे वळली. मी तिला वेणीला धरलं आणि खाली नदीत नेलं. रस्त्यावर चढलेल्या टरबुजाला चढणीचा भाव लागतो, हे तिला कोण सांगणार? वाडीत ढिवरीण चांगली गोल गोल फळं काढून पुढे करायला लागली. मी म्हणाले, तडकलेली कुठे आहेत? पिकून आपोआप तडकलेलं फळ ट्रकवाला घेत नाही, वाटेत फुटतं. मग वाडीवाले ते घरी खातात नाहीतर बैलापुढे टाकतात. साखर मात्र सगळी त्यातच उतरलेली असते. ती म्हणाली, "फुटकं काऊन मांगता बाई? लोकं काय म्हनतील, ढिवरानं पाहुण्याले फुटकं देल्लं." मी म्हणाले, "लोकं नाई खाऊन राह्यले, मी खाऊन राह्यली." ती हसली. एका फळाच्या पैशात दोन आणि वर दोन काकड्या. आम्ही खोपीच्या सावलीत बसून हातानेच फोडून खाल्ली. रुखसारच्या कोपरापर्यंत रस. तुझी ती प्लास्टिकच्या पिशवीत कापून ठेवलेली टरबुजाची फोड आठवून तिला एवढं हसू आलं की बी घशात गेलं.

गडचिरोलीच्या बाजारात तिला पहिला धडा दिला. भाजीकडे पाहू नको, विकणारीच्या पायांकडे पाहा. पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ असेल, तर माल तिच्या गावातून तिच्या डोक्यावर आला आहे. पाय स्वच्छ असतील, चप्पल कोरी असेल, तर माल ट्रकाने आला आणि बाई ऑटोने. दुसरं, माल एकसारखा दिसला की उठायचं. वांगी भावंडांसारखी असावी लागतात, एक लठ्ठ, एक वाकडं, एक घरातून रुसून आलेलं. सगळी एकाच साच्यातली दिसली तर ती आपल्या मातीतली नाहीत.

पाय पाहून तिने माणूस बरोबर निवडला हो. कडेला, गर्दीपासून दूर, चारोळीची चारं आणि तेंदूची टेंभरं पानांवर मांडून बसलेली एक बाई. म्हणजे निवड पास. पण पुढे काय केलं तुझ्या लेकीने? "मावशी, दहाले दोन वाटे दे ना." हे तुझं शिक्षण. मी तिला असा चिमटा काढला की पायावर अजून निळं असेल. जी बाई दोन टेकड्या उतरून आली तिच्याशी वाट्यामागे भांडायचं नसतं. तिला आधी विचारायचं, "कोनत्या गावची तू?" मग गावातल्या पाण्याचं विचारायचं, पोरांचं विचारायचं, आणि शेवटी म्हणायचं, हे सगळंच देऊन टाक. तिला अंधाराच्या आत घर गाठायचं असतं, आपल्याला माल पाहिजे असतो. सगळं उचललं की भाव आपोआप खाली येतो आणि ओंजळभर वरून पडतं, शिवाय तिच्या पदरात पैसे आणि उन्हाचे दोन तास वाचतात. यालाच मी स्वस्त म्हणते. दोघींपैकी एकीच्या तोंडाला फेस आला, तर तो सौदा महाग.

हे मला कोणी शिकवलं असं वाटतं? तुझ्या अब्बांनी तर नाहीच. ते भाव करण्यात इतके कच्चे होते की बायका त्यांच्यावर दया करून जास्त द्यायच्या. ते सायकल धरून पुढे, हँडलला बांगड्यांच्या माळा, मागे मी डोक्यावर पेटी घेऊन. बाजारात ते माळा सोडायचे आणि मी हात धरायचे. हात धरला, अंगठ्याखालचं हाड दाबलं, की मला बांगडीचं माप कळायचं. अक्षर ओळखता येत नाही, पण त्या भागातले हात मी डोळे मिटून ओळखायचे. पैसे कोणाकडे असायचे तेव्हा? कोणी धान घालायची, कोणी चिंच, कोणी सुकलेली मोहफुलं. परत येताना सायकलवर काच कमी आणि खाणं जास्त. तू दारात उभा असायचास आणि आधी थैलीत हात घालायचास, मग अम्मीला सलाम. आठवत नसेल. मोठी माणसं भूक विसरतात.

गडचिरोलीला आपल्या नात्यातल्यांकडे उतरलो, त्यांनी बिर्याणीचा आग्रह केला. तांदूळ कुठला, मी विचारलं. दुकानातला, पिशवीतला, लांब दाण्याचा. मग नको म्हणाले. पाहुणचाराला नाही म्हणणारी म्हातारी म्हणून आता माझी तिकडे बदनामी झाली आहे, ती तुझ्या खात्यात. आम्ही त्यांच्याच चुलीवर बाजारातल्या झिंग्यांची चटणी आणि गावठी तांदळाचा भात केला. शेवटी बिर्याणी बाजूला राहिली आणि घरातली पोरं आमच्या ताटाभोवती बसली. चामोर्शीला बसस्टँडमागे लाखोरीच्या डाळीचे वडे तळणारी एक बाई सापडली. वडा मोडला की आतून अशी वाफ निघते की चष्मा लावणाऱ्याने काढून ठेवावा. तिथूनच तुला फोन लावला होता. आवाज कटला, नाही का?

आणि आता अन्नपूर्णा, माझा शब्द बदलू नको. काऊन रे सलमान, ते दिवस गेले म्हणून तू कोनाले सांगतोस? मले? तुह्या ब्रह्मपुरीत तू फोनवरून टमाटे मांगवतोस, थे कुठी पिकले तुले माहीत नाई, विकनाऱ्याले माहीत नाई, टमाट्यालेबी माहीत नसन. आन् जिथी बाई आपल्या झाडाचं नाव सांगून फळ हातात देते, तिथी म्हनतोस खायले भेटत नाई. भेटत नाई कसं? मांगता येत नाई म्हन! बस. आता पुन्हा चांगलं लिही.

आष्टी मागे पडली आणि साग सुरू झाला. या दिवसांत सागाला पान नसतं, सगळं खाली पडलेलं असतं, आणि बसच्या वाऱ्याने ती मोठमोठी पानं रस्त्यावर म्हाताऱ्यांसारखी सरकत जातात. रुखसार खिडकीला नाक लावून झाडं पाहत होती. मी डोळे मिटून घेतले होते. ती म्हणाली, "दादी, थकली का?" मी म्हणाले, हो. थकले नव्हते. या रस्त्याने मी शेवटची आले ती लाकडाच्या ट्रकात, माझ्या भावाबरोबर. तुला गोवर निघाला होता म्हणून त्या खेपेला मी घरी थांबले आणि तुझे अब्बा एकटे गेले. तापाने गेले, असा निरोप आला. मी पोचले तेव्हा आलापल्लीच्या कब्रस्तानात माती ओलीसुद्धा राहिली नव्हती. सायकल ट्रकवर टाकून आणली. तू चौथीत होतास. ती सायकल दहा वर्षं अंगणात उभी होती, आणि ब्रह्मपुरीतलं प्रत्येक पोर सायकल शिकलं, तू सोडून. त्यानंतर तू कधी पूल ओलांडला नाहीस. मीही नाही. तू लहान होतास, पूल शब्द काढला की जेवण सोडायचास, म्हणून मी गावातच दुकान टाकून बसले. नंतर तू मोठा झालास आणि मी बसून बसून तिथेच रुजले. एवढंच. रुखसारने पुलावर माझा हात का धरला, ते तुला कळलं असेल.

आलापल्लीच्या बाजारात मी एकच नाव विचारत फिरले, सोमारी. तिच्या गावात आमचा मुक्काम असायचा. जंगलातलं गाव, देव त्यांचे वेगळे, पण बांगड्या भरायला पहिला हात सोमारीचा. चिंच विकणारी एक बाई म्हणाली, आहे ना, म्हातारी झाली, पण जीभ जवान आहे. मग काय विचारतोस! दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. मी रुखसारला चहासुद्धा घेऊ दिला नाही. सोमारीकडे जायचं तर पोट रिकामं न्यायचं असतं. जीपवाल्याने फाट्यावर सोडलं, तिथून पायी.

गावाच्या अलीकडे एक मोठा आंबा. खाली कैऱ्यांचा सडा. रात्री वारा झाला असेल. तुझी लेक थांबली आणि माझ्याकडे पाहिलं. आणि मी, जी गडचिरोलीपासून तिला शहाणपण शिकवत आले, ती मी काय म्हणाले? "भर. याच्याहून स्वस्त बाजारात काय भेटनार?" तिने ओढणी पसरली आणि भरभरून घेतल्या. बाजारात जन्म गेलेल्या बाईला फुकट दिसलं की अक्कल झोपी जाते. मला माहीत असलेली गोष्ट होती रे. त्या भागात जन्मलेलं पोरही ही चूक करत नाही. ती आम्ही दोघी बाजारवाल्यांनी केली.

सोमारी वेशीवर आम्हाला घ्यायला आली होती. कोणीतरी आधीच जाऊन सांगितलं असणार. तिने दोन्ही हात पुढे केले, मी तिचा हात धरला, अंगठ्याखालचं हाड दाबलं. हाड तेच, पण सांधे गाठी झालेले. आता त्या हातात कुठलीच बांगडी चढायची नाही. ती हसत होती, रडत होती, आणि मग तिची नजर रुखसारच्या ओढणीवर गेली. हात तसाच माझ्या हातात राहिला, पण हसू गेलं. "बाई, हे काय आनलं?" मी म्हणाले, आंबे, तुमच्याच झाडाखालचे. ती हळूच म्हणाली, "मरका पंडुम नाई झालं अजून." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मरका म्हणजे आंबा, पंडुम म्हणजे सण. नवा आंबा आधी त्यांच्या गावदेवाला द्यायचा, सगळ्या गावाने मिळून, त्याचा दिवस ठरलेला असतो. तोवर झाडाखाली पडलेलाही उचलायचा नाही, खायचा नाही, गावात आणायचा नाही. लहान पोरं कैऱ्यांवरून उड्या मारत शाळेत जातात पण वाकत नाहीत. आणि आम्ही ओढणी भरून वेशीपर्यंत आलो होतो.

देवाचं पाहणारा गायता, बुधूबाबा, दुसऱ्या गावी गेला होता, दिवस कलता येणार. सोमारी म्हणाली, तो आल्याशिवाय मी तुम्हाला आत नेऊ शकत नाही. पाणी देते. जेवण नाही. रुखसारने विचारलं, आम्ही निघून जाऊ का? सोमारी म्हणाली, "जाता येईन. पन मंग पुन्हा येता नाई येनार." तेव्हा आम्ही वेशीबाहेर सागाच्या बुंध्याशी बसलो. आणि सोमारीसुद्धा तिथेच बसली. तिच्या घरी भात शिजलेला होता, पण पाहुणे बाहेर उपाशी असताना मी आत जाऊन कशी जेवू, म्हणाली. तीन बायका, मध्ये ओढणीत कैऱ्यांचा ढीग, तोंडाला पाणी सुटलेलं आणि हात मांडीखाली. सकाळ गेली, दुपार गेली. रुखसार माझ्या कानाशी लागली, "दादी, अब्बूले सांगायचं नाई हं. शर्त जाईन." मग पाय पोटाशी घेऊन झोपली. सोमारी आणि मी त्या वेळात पुष्कळ बोललो.

बुधूबाबा आला तेव्हा उन्हं झाडांच्या शेंड्यांवर गेली होती. मी उठून हात जोडणार, म्हातारी आहे, विसरले, परकी आहे, असं काहीतरी गोड बोलणार, तोच रुखसार उभी राहिली. म्हणाली, "बाबा, उचलले मी. दादीनं नाई. परत जिथले तिथं ठेवून येते, आन् अजून काय द्या लागते ते सांगा." बुधूबाबाने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, कोण ही? सोमारी म्हणाली, वनरक्षक आहे, म्हणजे व्हायची आहे. म्हातारा खो खो हसायला लागला. "टोपीवाले आले का आमची कोंबडी घेऊन जातात. ही पहिलीच, देऊ का म्हनते!" मग गंभीर झाला. आंबे झाडाखाली परत ठेवायचे, आणि पंडुमच्या दिवशी एक कोंबडी घेऊन गावात यायचं, सगळ्यांसोबत बसून पहिला आंबा खायचा. रुखसार गेली आणि एकेक कैरी वाकून खाली ठेवून आली. परत येऊन तिने विचारलं काय माहीत आहे? "बाबा, अजून कशाकशाले हात लावायचा नाई, आन् कधीपर्यंत? एकदाच सांगून द्या." बुधूबाबा खाली बसला आणि सांगायला लागला. सोमारीचा भात मात्र थंड व्हायच्या पलीकडे गेला होता. नवा टाकला तिने, मोहाच्या फुलांची गोड उसळ केली, आणि मी एवढी जेवले की उठताना दोघींनी धरलं.

तेव्हा ऐक. सकाळ आणि दुपार, दोन्ही वेळ आम्ही उपाशी होतो. शर्त तू जिंकलास. माझ्याच तोंडाने सांगते आहे, मागून कोणाकडून कळायला नको. परतीच्या जीपमध्ये मी रुखसारलाही तेच म्हणाले, बेटा, हरलो, तुझ्या अब्बूला खरं सांगावं लागेल. ती म्हणाली, "सांग ना. बिलकुल सांग. पन शर्त तुमची दोघांची होती, दादी. मले कोनं इचारलं? नोकरी माझी आहे." एवढे दिवस मला वाटत होतं, मी तिच्यासाठी तुझ्याशी भांडते आहे. आपण दोघं मायलेक तिच्या नोकरीचा सौदा करत होतो, आणि माल कोणाचा हे एकानेही विचारलं नाही. आज सकाळी ती रुजू झाली. वर्दी अजून मिळायची आहे, पण चालणं आत्ताच वर्दीतलं झालं आहे. तुला राग येईल. येऊ दे. तुझ्या शर्तीचा मान मी ठेवला, हरले म्हणाले. याहून जास्त मान ठेवायचा विचार नाही. अन्नपूर्णाच्या मागची खोली आम्ही घेतली आहे, पावसाळा संपेपर्यंत मीही इथेच राहणार. दोन मच्छरदाण्या घेतल्या, चांगल्या, बारीक छिद्रांच्या. ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासायचं हे रुखसारला कसम घालून सांगितलं आहे. दवाखाना चालत जाण्यावर आहे. तुझ्या अब्बांच्या वेळी नव्हता.

हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं, तुझा आवाज न कटता. कागद घेतला तो पुढच्यासाठी. तुझे अब्बा गेल्यावर घरी बायका दुखवट्याला बसल्या होत्या, त्यातली एक म्हणाली, बिचारा जंगलात अन्नपाण्यावाचून गेला. तू दाराआड उभा होतास. मी तुला पाहिलं होतं. तिला खोटं म्हणायला मी उठले नाही, कारण खरं काय ते मलाही ठाऊक नव्हतं. तेव्हापासून तू दुसऱ्याच्या ताटाकडे पाहतोस आणि विचारतोस, पोटभर झालं ना? रुखसार खाईल काय, हे तू आलापल्लीबद्दल विचारत नव्हतास, ते मला शर्त लावतानाच कळलं होतं. तर परवा सोमारीने सांगितलं ते असं. ताप चढला तेव्हा ते तिच्याच घरी होते. तिने आंबील केली, मांडीवर डोकं घेऊन वाटीने पाजली, तिच्या नवऱ्याने मासा भाजला, त्यातला मऊ भाग काढून दिला. तुझे अब्बा शुद्धीत होते. एक घोट घेतला आणि म्हणाले, "मीठ कमी आहे. सईदा असती तं भांडली असती." घरातली सगळी हसली, तेही हसले, आणि वाटी संपवली. मग त्यांना खाटेवर घालून चौघांनी आलापल्लीची वाट धरली. वाटेत, कोणाच्या खांद्याला धक्का न लागता, गेले. पोट भरलेलं होतं, सलमान. तुझा बाप उपाशी गेला नाही. अन्नपूर्णाला मी हे दोनदा वाचून दाखवायला लावलं, एकही शब्द गाळू नको म्हणून. आता तू ये. मी हे सांगितलं म्हणून नरम पडून येऊ नको, तशी माणसं मला आवडत नाहीत. भांडायला ये, लेकीला ओरडायला ये, माझ्याशी बोलू नको आणि नुसता येऊन बस, चालेल. फक्त येण्याच्या दिवशी घरून जेवून निघू नको. पुलावर डोळे मिटावेसे वाटले तर खुशाल मीट. बस चालवणाऱ्याचे उघडे असतात.

तुझीच,
अम्मी